तिसऱ्या बीमच्या पोटातल्या टिकल्या

तिकडं नको हो, तिकडं मासळीच्या पाट्यांचं पाणी गळतं. इकडं या, या खांबाला टेकून बसा. आता वर बघा. तो तिसरा बीम दिसतो? बाकीच्यांपेक्षा जरा जाड, पोट सुटल्यासारखा? त्याच्या पोटात टिकल्या हायेत. कपाळाच्या नाय, बोलणाऱ्या. त्यांची गोष्ट तुमाला सांगतो. तुमची बोईसरची गाडी यायला तास हाय अजून. आणि ही गोष्ट माझ्याच तोंडून ऐकलेली बरी. गावात दुसरा कोणी सांगेल तो हसत सांगेल.

मी जानू. इथलाच, नवापूरचा. आजा तांडेल, बाप तांडेल, बोट चालवणारे, आणि मला लागते बोट. हसा, सगळे हसतात. पहिल्यांदा बापानं दर्यावर नेला तेव्हा किनारा अजून दिसत होता आणि माझी आतडी बाहेर. बाप खलाशांना बोलला, "ह्याला जमिनीवरच सोडा रे. मासळी तरी साफ राहील." मग चौथीतनं सुटलेला मी चिंचणीच्या एका गवंड्याच्या हाताखाली लागलो. थापी हातात धरली आणि मला कळलं, हे आपलं. जमीन हलत नाय. नंतर या पट्ट्यातल्या आठ गावांत जानू गवंड्याचं काम बोललं की पुढं कोणी काय विचारत नव्हतं.

माझी एक खोड होती. काम झालं की छोटी हातोडी घ्यायची आणि बीम वाजवायचा. ठण्ण बोलला की भरीव. बद्द बोलला की आत पोकळ. डॉक्टर छातीवर बोट वाजवतो ना, तसं. लोक कामं दाखवायला मला पालघरपर्यंत न्यायचे. मी वाजवायचो आणि सांगायचो.

ही शेड मच्छीमार सोसायटीची, बायांना मासळी विकायला. नऊ वर्षांपूर्वी मीच बांधली. सळई बांधायला माझ्याबरोबर भिका होता, विक्रमगडकडचा, डोंगरातला. त्याच्या हातची सळई म्हणजे वेणी घातल्यासारखी. बोलायचा कमी, आणि बोलला की टोचायचा.

बीमच्या सळया बांधून झाल्या, दुसऱ्या दिवशी काँक्रीट पडायचं होतं, आणि एक पोरगी स्कूटरवरनं आली. कॉलेजची. खांद्यावर यंत्राचा डबा, केसात माकुणसारच्या वाडीतला सोनचाफा. नाव रुचिता.

"काका, सोसायटीनं परवानगी दिली हाय. या टिकल्या तुमच्या सळईवर चिकटवायच्या हायेत."

तिच्या तळहातावर रुपयाएवढ्या पांढऱ्या चकत्या. प्रत्येकीला दोन वायरी.

मी बोललो, "हे काय? बीमची दृष्ट काढतेस काय?"

भिका लांबून बोलला, "दादा, आमच्याकडं भगत लिंबू बांधतो. शिकलेल्यांकडं हे असंल."

पोरगी चिडली नाय. माझ्या हातातली हातोडी बघितली आणि बोलली, "काका, तुमी बीम वाजवता आणि कानानं ऐकता, बरोबर? ही टिकली तेच करते. हिला वीज दिली की ही थरथरते, हिच्याबरोबर बीम थरथरतो, आणि तो कसा थरथरला ते हीच परत सांगते. आज नवा असताना त्याचा आवाज मी लिहून ठेवणार. दर वर्षी येऊन परत ऐकणार. आत काही बिघडायला लागलं की आवाज बदलेल. तुमचा हातोडा बाहेरनं वाजतो. ही आतच बसलेली."

"म्हणजे बीमच्या पोटात माझी हातोडी?"

"तुमची हातोडी आणि तुमचा कान."

मला हे आवडलं. खरं सांगतो, अंगावर काटा आला. प्रत्येक बीममध्ये मी माझ्या हातानं तिच्या टिकल्या बसवायला जागा करून दिली. भिकाला बोललो, वायर दुखवलीस तर तुला दुखवीन.

काँक्रीट पडलं. आता ऐका, इथं नीट ऐका. काँक्रीट ओतलं म्हणजे काम झालं असं नसतं. ते ताजं असताना चौदा दिवस ओलं ठेवावं लागतं, नाय तर तडकतं. त्याला गोणपाट गुंडाळायचं आणि दिवसातनं चारदा पाणी मारायचं. गोणपाट मी आणलेलं चार बीमांना पुरेल एवढं. पण मे महिना, कामगारांनी सावलीला म्हणून थोडं फाडलं, थोडं अंथरलं. एक, दोन आणि चार नंबर झाले. तिसऱ्याला कमी पडलं. बोईसरला जायचं तर भर दुपारी रिक्षा नाय. मी घरी गेलो. माझ्या बायकोचा, नलूचा, सुक्या-खाऱ्या मासळीचा धंदा. ओट्यावर तिची रिकामी पोती पडलेली. गोणपाट ते गोणपाट! दहा-बारा उचलली, तिसऱ्या बीमला गुंडाळली, वर टँकरचं गोडं पाणी मारलं.

संध्याकाळी भिका नाक वर करून बोलला, "दादा, बीमला खाऱ्या मासळीचा वास येतो."

मी बोललो, "मग? दर्यावरचा बीम हाय. चाफ्याचा येईल काय?"

दोघं पोट धरून हसलो. चौदा दिवस ती पोती तिथंच.

आठ वर्षं गेली. रुचिता दर वर्षी यायची. कॉलेज संपलं, तिथंच शिकवायला लागली, लग्न झालं, पण मे-जून आला की स्कूटर शेडपाशी. बीमच्या वायरी डब्याला लावायची, लॅपटॉपवर रेघ उमटायची. जुनी रेघ निळी, नवी लाल. "बघा काका, एकावर एक. बीम तुमचा ठणठणीत." मी शेडमधल्या बायांकडं असा बघायचो की जसा दहावी पास झालो. मी शाळा अर्ध्यात सोडलेला माणूस, आणि माझ्या कामाला कॉलेज दर वर्षी पास करतंय!

गेल्या जुलैत सोसायटीनं ठरवलं, शेडच्या स्लॅबवर दहा हजार लिटरची टाकी बसवायची. एक ऑगस्टला पावसाळ्यातली मासेमारीची बंदी उठते, बोटी दर्यावर जातात, मग मासळी धुवायला पाणी लागतं. टाकी आली. तिसऱ्या बीमच्या बरोब्बर वर बसवली. रविवारी दुपारी नारळ फोडून भरायची. शनिवारी रुचिता आली. त्या वर्षी तिला उशीर झालेला. बाकीचे तीन बीम बघितले, पास. तिसऱ्याची रेघ आली आणि तिनं लॅपटॉप जवळ ओढला.

लाल रेघ सरकलेली. निळीच्या अंगावरनं उतरून बाजूला उभी, भांडण झालेल्या नवरा-बायकोसारखी.

तिनं परत लावलं. दुसऱ्या टिकलीला लावलं. तेच. रविवारी सकाळी थंड वेळेला येऊन परत लावलं. तेच.

चेअरमन मेहुल आला. मेहुल माणूस वाईट नाय, पण आमदाराच्या माणसांना बोलावून बसलेला. बोलला, "रुचिताताई, डहाणूकडं जमीन हलते मधनंमधनं, त्याचं असंल."

"मग चारही बीमांत दिसलं असतं, मेहुलदादा."

"मग सिमेंट?"

"एकाच दिवसाचं, एकाच गाडीचं. सळई एक, पाणी एक. तेच तर मला कळत नाय. मी माझ्या सरांना फोन केला. ते बोलले, कारण सापडत नसेल तर टिकलीच खराब झाली असेल."

"झालं तर मग! सरच बोलले."

"पण दादा, दोन टिकल्या एकाच वेळी एकच खोटं कसं बोलतील? आज टाकी भरू नका. मला चार दिवस द्या."

मेहुल माझ्याकडं वळला. "जानूदादा, तू वाजव. तुझा हातोडा बोलेल ते खरं."

शेडमधल्या बाया गोळा झाल्या. नलू तिच्या नेहमीच्या जागेवर, तिसऱ्या बीमच्या खाली. तिथं वारा येतो म्हणून ती जागा तिनं पहिल्या दिवसापासून धरलेली, दुसरी कोणी बसली तर तिची सात पिढ्यांची आठवण काढते. मी शिडी लावली. या टोकापासून त्या टोकापर्यंत वाजवलं. ठण्ण. ठण्ण. ठण्ण. कुठं बद्द नाय. प्लास्टरला केसाएवढी चीर नाय.

"पक्का हाय," मी बोललो.

बायांनी टाळ्या वाजवल्या हो. रुचितानं लॅपटॉप मिटला. माझ्याकडं बघितलं, रागानं नाय, आणि तेच मला लागलं. बोलली, "काका, तुमचा कान खोटा नाय. हातोडीला पोकळी लागते, आणि तिथं अजून पोकळी झाली नसेल. नुसती सुरुवात असेल."

मेहुल बोलला, "ताई, नऊवारीपासून गाऊनपर्यंत सगळ्या बाया त्याच्या बीमखाली बसतात, आठ वर्षं."

जेवायला घरी गेलो. नलू पावसातल्या गिऱ्हाइकासाठी पोतं उघडायला पुढं घरी आलेली. ओट्यावर लोखंडी घोडी हाय, तिच्यावर खाऱ्या मासळीची पोती ठेवतो. मधलं पोतं तिनं ओढलं आणि ओरडली, "अवो, बघा ही घोडी! नवी आणलेली, काय खाल्ली हाय बघा!"

मी बघितलं. जिथं पोतं टेकलेलं तेवढाच पट्टा तांबडा, पापुद्रे सुटलेले, नखानं उकरला तर निघत होता. हातभर बाजूला, जिथं पोतं नव्हतं, तिथं रंग जसाच्या तसा.

नलू बोलली, "मीठ. ओल्यात मीठ पोत्यात मुरतं, आणि पोतं लोखंडाला खातं. मी आईच्या घरी लहानपणापासून बघते."

भिका आठवला. नाक वर केलेला. *दादा, बीमला वास येतो.*

बारा पोती. मिठानं भरलेली. चौदा दिवस, वर दिवसातनं चारदा पाणी. आमी बीमला पाणी पाजत नव्हतो, खारवत होतो! बोंबील मुरवावा तसा!

"नलू, किती वाजले?"

"अडीच. तीनला नारळ हाय ना—अवो, पोतं कुठं नेताय? आत मासळी हाय!"

मी पळालो. बनियनवर, पायात चप्पल नाय, खांद्यावर खारं पोतं. पन्नास पार केलेला माणूस वाळूतनं पळतो तेव्हा कुत्री पण बाजूला होतात. लोकांना वाटलं कोणाकडं मयत झालं. वाटेत भिका भेटला. त्याला मी नारळासाठी बोलावलेला. मी फक्त पोतं दाखवलं. त्यानं वास घेतला, माझ्या तोंडाकडं बघितलं आणि तो पण पळायला लागला. इतकी वर्षं बरोबर काम केलेल्या माणसाला फार सांगावं लागत नाय.

शेडपाशी मंडप, टाकीला हार, टँकरचा पाइप वर चढवलेला. ड्रायव्हर बोईसरचा, ओरडत होता, "चालू करूँ क्या, शेठ?"

मी त्याच्यापेक्षा मोठ्यानं ओरडलो, "बंद ठेव रे! हात लावलास तर हात तोडीन!"

सगळं थांबलं. मी पोतं मेहुलच्या पायाशी टाकलं. धाप लागलेली. समोर अर्धं गाव, आमदाराची माणसं, पोरीबाळी, आणि कोपऱ्यात रुचिता डबा बांधत होती.

खोटं कशाला बोलू, त्या क्षणी तोंड मिटून घ्यावंसं वाटलं. आजपर्यंत कमावलेलं एकच होतं माझ्याकडं, ते म्हणजे नाव. पण पाठीमागनं नलू धापा टाकत आली आणि सवयीनं सरळ जाऊन तिच्या जागेवर बसली. तिसऱ्या बीमखाली. पदरानं तोंड पुसलं आणि बोलली, "काय झालं हो तुमाला?"

मग सुटलं तोंड.

"रुचिता खरी बोलते. तिसरा बीम मी बिघडवला. गोणपाट कमी पडलं म्हणून नलूची खाऱ्या मासळीची पोती गुंडाळली. चौदा दिवस. भिका साक्षीला हाय."

भिका पुढं आला. "मी उचलून दिली. वास मला आलेला. आमी हसलो."

कोणीतरी हसलं. मग सगळेच हसायला लागले. "जानूनं बीमचा खारा केला!" "मेहुलदादा, बाजारात काढ, भाव येईल!" मेहुल बोलला, "अरे पण पडलाय कुठं तो? सकाळी तूच पक्का बोललास ना?"

"छिन्नी द्या," मी बोललो. "फोडून बघतो. आत चांगला निघाला तर भरून देईन आणि थापी ठेवून देईन. खराब निघाला तर भरायचा हक्क नाय मला, तरी थापी ठेवून देईन. नलू, ऊठ तिथनं."

"माझी जागा—"

"नलू!"

लग्नाला बत्तीस वर्षं झाली, एवढ्या मोठ्यानं मी तिला कधी बोललो नव्हतो. उठली.

शिडीवर चढलो. खालनं बीमच्या कडेला छिन्नी लावली. पहिला घाव, भुगा राखाडी. दुसरा, राखाडी. काँक्रीट असं कडक की हाताला झिणझिण्या. खाली कुजबूज. तिसरा, चौथा. माझ्या मनात एक आलं, लाज वाटते सांगायला: चांगलाच निघू दे. पाचव्या घावाला एक ढलपा सुटला आणि खाली पडला. भिकानं झेलला. ढलप्याची आतली बाजू विटकरी. मी बोट घातलं. सळईवरनं पापुद्रा आला, ओला, तांबडा, घोडीवर होता तसाच. आणि सळईच्या कडेनं आत एक चीर, बाहेर यायच्या वाटेवर. बाहेर आली नव्हती अजून.

मी बोट खाली करून दाखवलं. कोणी हसलं नाय.

आणि तेवढ्यात रुचिता ओरडली, आनंदानं हो! नाचायला लागली! लग्न झालेली, कॉलेजात शिकवणारी बाई, मंडपात उड्या मारत होती. "काका, सुरुवातच हाय! सळई शाबूत हाय, वरवर खाल्लीय फक्त! अहो लवकर सापडलं! लवकर!" मग तिला आठवलं की वर दहा हजार लिटरची टाकी हाय, आणि ती एकदम बाईसाहेब झाली. "मेहुलदादा, टेकू! आत्ता. आणि टाकी उतरवा."

लोखंडी टेकू बोईसरहून यायला तीन तास. तेव्हा काय झालं बघा. बंदीत बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, त्यांना दोन्ही अंगांनी लाकडी टेकू लावलेले. माझा चुलतभाऊ सुजीत, तांडेल माणूस, किनाऱ्यावर गेला, बोट दोरानं बाजूच्या बोटीला बांधली आणि तिचे जास्तीचे टेकू काढून आणले. मग दुसरा गेला. मग चार तांडेल. ज्यांच्या बापांनी मला बोटीवरनं हाकललेला, त्यांची लाकडं माझ्या बीमखाली. खाली फळी, वर फळी, मध्ये पाचर ठोकायची. ठोकताना सुजीत बोलला, "जानू, आज तुझी शेड पण बंदीत ओढली की रे!" मी हसलो, आणि डोळे गळायला लागले. लोकांना वाटलं सिमेंटचा भुगा गेला.

पुढचं थोडक्यात. रुचिताचे सर आले, बीम मोजला, सळया साफ करून नव्या जोडल्या, बाहेरनं नवं काँक्रीट चढवलं, म्हणून तो असा पोटवाला. आत नव्या टिकल्या. काम पालघरच्या दुसऱ्या गवंड्यानं केलं. मी थापीला हात लावला नाय. ती घरी खुंटीला हाय, नलू तिला तेल लावते, का ते मी विचारत नाय. कामं येतच नाहीत आता. आठ गावांत माझं नाव 'खारा गवंडी' हाय. पोरं रस्त्यात नाक धरतात.

पण पाणी मी मारलं. रुचितानंच सांगितलं, "पाणी जानूकाका मारतील, दुसरं कोणी नाय." एकवीस दिवस. नवी कोरी पोती मी बोईसरहून आणली, दुकानात एक एक हुंगून. दुकानदार बोलला, "चाचा, बोरी है, आम नहीं है." मी बोललो, हुंगू दे रे बाबा, तुला नाय कळायचं.

आणि हे बघा, खांबाला डबा. रोज सकाळी मी याचं बटण दाबतो. टिकल्या आत थरथरतात, मला काय ऐकू येत नाय, पण हिरवा दिवा लागतो. रुचितानं मला रेघ वाचायला शिकवली. निळीवर लाल. आज सकाळी पण एकावर एक होती. नलू बसली बघा तिच्या जागेवर. हाक मारतेय, चला, तुमची गाडी आली वाटतं.

जाता जाता माझं एक काम करा. तुमी गावोगाव फिरता. दर्याच्या बाजूला कुठं नवं काम दिसलं, बीमला गोणपाट गुंडाळलेलं दिसलं, तर थांबा. गवंडी काय बोलेल, लोक काय बोलतील, बघू नका. सरळ जा आणि नाक लावा. खारा वास आला तर ते पोतं तुमच्या हातानं ओढून काढा. तो विचारेल कोणी सांगितलं, तर लाजू नका. सांगा, नवापूरच्या खाऱ्या गवंड्यानं.